अठरा पट्ट्यांना दाखवलेलं ऊन

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

आजपासून वही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं आहे की डाव्या हाताने रोज पानभर तरी लिहा. पस्तीस वर्षं मुलांची अक्षरं सुधारली, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझं स्वतःचं अक्षर बालवर्गात जाऊन बसलं. ‘क्ष’ तर येतच नाही. उजवा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात मूठ मिटून बसला, तो बसलाच. माझी बायको शरफुन्निसा असती तर म्हणाली असती, उघडू नका, त्यात काय लपवलंत ते कळेल.

शरफुन्निसाला जाऊन पाच वर्षं झाली. त्यानंतर झटका आला आणि लेक उमामा मला हर्णैहून उचलून इथे, या अरबी मुलुखात, तिच्या नोकरीच्या गावी घेऊन आली. मी तिला म्हटलं होतं, मला घरीच राहू दे, ओटीवर खुर्ची टाकून समुद्र बघत बसेन. तर म्हणाली, “अब्बा, समुद्र तिथेही आहे.” आहे खरा. बाल्कनीतून दिसतो. पण याला भरती-ओहोटी असून नसल्यासारखी. पाणी आहे तिथेच उभं राहतं, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखं.

आज सुट्टी, म्हणून उमामाने तिचं काम घरी आणून दाखवलं. बोटभर लांबीची नारिंगी पट्टी, कागदाहून पातळ, आंबापोळीच्या कडेसारखी. तिने टेबलावर ठेवली आणि निळ्या बॅटरीचा झोत टाकला. पट्टी उठून बसली. खरंच उठली. झोत हटवला तशी हळूहळू आडवी झाली. ना तार, ना सेल, ना मोटर.

मी विचारलं, “जिवंत आहे का गं?”

“नाही अब्बा. आत लांबट रेणू आहेत, सगळे एका दिशेने उभे. तुमच्या प्रार्थनेच्या रांगेसारखे. त्यांच्यात रंगाचे रेणू आहेत. उजेड पडला की ते वाकतात, मग सगळी रांग मोडते आणि पट्टी आखडते. उजेड गेला की पुन्हा रांग.”

याचे पडदे करायचे आहेत म्हणाली. बुरैदाकडे काकडी-टोमॅटोची काचघरं आहेत, त्यांच्यावर. ऊन चढलं की पडदा आपोआप मिटायचा, उतरलं की उघडायचा. विजेशिवाय.

मला पडद्यांचं काही वाटलं नाही. मला ती उठून बसली तेच पुरे होतं. चौथीच्या मुलांसाठी मी कविता रचायचो, तशा दोन ओळी कितीतरी वर्षांनी आपोआप आल्या:

उन्हाने हाक मारली, पान उठून बसले;
सावलीने थोपटले, पान पुन्हा निजले.

उमामाला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, “छान. माझ्या सगळ्या निबंधांपेक्षा सोपं सांगितलंत.” आणि मोबाइल बघायला लागली.

रविवार, ५ ऑक्टोबर

टेबलाच्या पायाशी एक पट्टी सापडली. परवा सावरताना पडली असणार. कड जरा तिरकी कापली गेली आहे. उमामा कामावर. संध्याकाळी द्यावी म्हणून वहीत ठेवली. संध्याकाळी ती दमून आली, तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही. वहीत खूण म्हणून शोभते आहे. मुलं पिंपळाची पानं ठेवायची पुस्तकात, त्यांची जाळी व्हायची.

मुलाने कुणाची पेन्सिल घरी नेली तर मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर परत करायला लावायचो. उद्या देईन.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

उमामा जेवताना जास्त बोलली, म्हणजे काळजीत आहे. तारीख ठरली, सत्तावीस. त्या दिवशी बाहेरून पाहुणे येणार, तिचे मोठे प्रोफेसर त्यांच्यापुढे हे काम मांडायला लावणार. अठरा पट्ट्या, त्यांचा एक छोटा पडदा. तो हजार वेळा उघडला-मिटला तर तिला आणखी तीन वर्षं. नाही तर डिसेंबरअखेर करार संपला.

“आणि इकामा? इथे राहायचा परवाना?”

“करारासोबत. माझा संपला की तुमचाही संपला.”

मी म्हटलं, “मग घरी जाऊ.” माझ्या आवाजात जरा जास्तच सुख होतं की काय, तिने मान वर केली.

“अब्बा, असली यंत्रं तिथे मला कोण देणार आहे? चार वर्षं घातली मी. परत गेले तर बारावीच्या शिकवण्या घेईन.”

शिकवण्या घेण्यात वाईट काय, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग तिने आलेखाचा कागद आणला, माझा उजवा हात त्यावर ठेवला, मिटलेली बोटं एकेक करून सोडवली आणि पेन्सिलीने भोवती रेघ काढली. लहान असताना तिची अशी पाटीवर काढायचो. विचारलं कशाला, तर म्हणाली, “माप.” थंडीचे हातमोजे आणणार असेल. इथे कसली थंडी? पण पोरीने माप घेतलं, बरं वाटलं.

शरफुन्निसाच्या हिरव्या ओढणीचा कोपरा कातरल्यासारखा झाला आहे. कपडे धुवायच्या यंत्राने खाल्ला असावा. उमामाला सांगितलं, तर “हो, बघते” म्हणाली. जुन्या वस्तूंचं हिला काही नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

एसीचं पाणी भिंतीवरून गळत होतं, म्हणून माणूस आला. बघतो तर आपल्या संगमेश्वरचा, ज्ञानेश. इथल्या इमारतींची एसीची कामं करतो, राबिगजवळच्या कामगारांच्या कॅम्पात राहतो. माझं मराठी ऐकून पाना बाजूला ठेवला.

“तुम्ही मास्तर ना?”

“कशावरून?”

“मघापासून तीनदा म्हणालात, ‘नीट लक्ष देऊन कर.’”

चहा घेतला, बायकोचा फोटो दाखवला, पाणी थांबवलं. जाताना गुरुजी म्हणाला. फ्रिजकडे बघून म्हणाला, “याचा प्लग सैल आहे, सांभाळा. खलास होईल एक दिवस.” बदलायचं सामान त्याच्याकडे नव्हतं, रविवारनंतर आणतो म्हणाला.

तो गेल्यावर घर फार मोठं वाटलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उमामाच्या प्रयोगशाळेत शुक्रवार-शनिवार थंड हवेचं यंत्र बंद राहणार, दुरुस्ती. म्हणून अठराच्या अठरा पट्ट्या ती घरी घेऊन आली. खजुराच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, चंदेरी कागदात गुंडाळून. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

मग तिची घाई सुरू झाली. दोन दिवस बुरैदा, त्या काचघरवाल्यांकडे, सोबत तिच्या प्रयोगशाळेतला हाशिर आणि त्याची बायको. माझी औषधं डब्यांत घातली, जेवणावर चिठ्ठ्या चिकटवल्या. दारातून म्हणाली, “अब्बा, तो डबा थंड राहू दे. बाकी काही करायचं नाही.”

“काही म्हणजे?”

“काहीच नाही.” आणि गाडीचा हॉर्न वाजला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आजचा दिवस सबंध लिहायचा आहे. हात दुखेल, दुखू दे. असा दिवस इथे आल्यापासून आला नव्हता.

सकाळी दुधाला वास आला. फ्रिज बंद. प्लग सुटलेला, केव्हापासून कोण जाणे. लावून दाबून ठेवला. मग डब्याची आठवण झाली. बाहेर काढला तर पत्र्याला दवासारखं पाणी सुटलेलं. झाकण उघडलं. कागदावरही थेंब, आणि पट्ट्या एकमेकींना चिकटून ओल्या, निपचित. एक सुटी करून खिडकीपाशी धरली, नीट वाकेना. सत्तावीसला नऊ दिवस, आणि उमामा माझ्यावर सोपवून गेलेली वस्तू.

फोन लावला. लागला नाही, वाटेत वाळवंट.

मग आठवलं. आमच्या शाळेत पावसाळ्यानंतर पुस्तकांच्या पेटीला बुरशीचा वास यायचा. दर ऑक्टोबरात एक दिवस ठरलेला. पेटी अंगणात आणायची आणि पुस्तकांना ऊन दाखवायचं. मुलं एकेक पुस्तक उघडून उभं ठेवायची, आणि वाचत बसायची, म्हणून तो दिवस मला परीक्षेपेक्षा मोलाचा. शरफुन्निसाही डाळी, गाद्या, लोणच्याची बरणी, सगळ्याला ऊन दाखवायची. ऊन दाखवून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. आणि या तर उन्हाच्याच. उजेडावर जगणाऱ्या. दोन दिवस अंधारात आणि गारठ्यात कोंडल्यावर दुसरं काय होणार.

बाल्कनीत पांढरी चादर अंथरली. डाव्या हाताने एकेक पट्टी सोडवली, रुमालाने टिपली, ओळीत मांडली. साडेनऊ वाजले होते. पाचव्या मिनिटाला पहिली उठली. मग तिसरी, सातवी. मग सगळा वर्ग.

काय सांगावं. मी मध्ये हात धरला की ज्या ज्या पट्टीवर सावली पडे ती निजे. हात काढला की उठे. मी डावीकडून उजवीकडे हात नेला, तशी सबंध ओळ निजत गेली आणि मागून उठत आली, भाताच्या खाचरावरून वारा जावा तशी. माझा मिटलेला उजवा हात सावली करायला मात्र चालतो. त्याचंही काम निघालं.

मी त्यांना कविता म्हणून दाखवल्या. तिसरीच्या, चौथीच्या, सातवीच्या. पाठ आहेत की नाही अशी धास्ती होती, सगळ्या निघाल्या. एक कडवं अडलं ते पट्ट्या तीनदा निजवून-उठवून आठवलं. जेवायला आत गेलो तर चैन पडेना, ताट बाहेर आणलं. शेजारची मुन्नी तिच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मला बोलताना बघून म्हणाली, “किस से बात करते हो दादाजी?” मी म्हटलं, क्लास चालू है.

चार वाजेपर्यंत खेळ. मग त्या दमल्या. सावली धरली तरी फारसा फरक पडेना, काही अर्ध्याच वाकून राहिल्या. रंगही जरा उतरल्यासारखा, पिकल्या आंब्याचा होता तो आता सालीच्या आतल्या बाजूचा, फिका. दिवसभर कवायत केलेली पोरं अशीच दिसतात. मुकाट वर्गात घेतली. थोड्या लहान-मोठ्या आहेत, म्हणून उंचीप्रमाणे रांग लावली, सर्वांत लहान पुढे, जशी मी नेहमी लावतो. कोरड्या कागदात गुंडाळून डबा फ्रिजमध्ये.

वाळल्या, हे चांगलं झालं. उमामाला सांगणार नाही, उगाच फ्रिजवरून जिवाला लावून घेईल. ज्ञानेशकडून प्लग बदलून घेतला की झालं.

रविवार, १९ ऑक्टोबर

उमामा सकाळी आली. बुरैदाचे सुक्करी खजूर आणले. काचघरवाला म्हणे खूश आहे, पडदा बघायला स्वतः येणार.

हातपाय धुऊन तिने डबा काढला. मी मुद्दाम वर्तमानपत्रात तोंड घातलं. कागद उलगडल्याचा आवाज आला. वर पाहिलं तर ती उघड्या डब्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा डब्याकडे.

“फ्रिज बंद पडला होता का, अब्बा?”

“थोडा वेळ. लावला मी. डब्याचं पाणी पुसलं.”

“डबा उघडलात?”

“पुसून ठेवला,” मी म्हटलं.

मला वाटलं पुढचं विचारेल. तिने विचारलं, “दुपारच्या गोळ्या घेतल्यात ना? हात दुखत नाही?” आणि डबा पिशवीत ठेवून कामावर गेली. चहा तसाच.

प्रवासाचा शीण दिसतो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पट्ट्या हलत नाहीत.

अठरापैकी एकही पुरती वाकत नाही. उमामा काल रात्रीपर्यंत तिथे होती. नव्या करायला सहा आठवडे लागतात, आणि त्यातलं एक रसायन बंदरावर कागदपत्रांसाठी अडकलेलं. मी विचारलं, “कशाने गं?” ती म्हणाली, “फ्रिजच असेल. पाणी शिरलं असेल.” माझ्याकडे न बघता भांडी घासत होती.

दुपारी ज्ञानेश प्लग बदलायला आला. मी आडून विचारलं. गच्चीवर तू एसीच्या नळ्यांना काळी पट्टी गुंडाळतोस, ती कशाला?

“ऊन खातं ना गुरुजी. नळीवरचं रबर उघडं टाकलं तर एका उन्हाळ्यात भुगा. रंग आधी जातो. रंग गेला की समजायचं आतून संपलं.”

“पण ऊन तर आपण दाखवतो. गाद्यांना, पुस्तकांना.”

“आपल्याकडचं ऊन पाहुण्यासारखं, गुरुजी. हे इथलं मालक आहे. याला काही दाखवायचं नसतं, याच्यापासून झाकायचं असतं.” त्याने प्लग लावला, फ्रिज घुमायला लागला. “यल्ला, चला, झालं काम. तुमचा चेहरा का उतरला?”

मी म्हटलं, दात दुखतो.

म्हणजे ते दमणं नव्हतं. मी टाळ्या वाजवत होतो आणि त्या माझ्यासमोर संपत होत्या.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

तीन दिवस सांगायचं ठरवतो आहे. काल ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, चष्म्यासकट. कसं उठवायचं? आज सकाळी “उमामा” अशी हाक मारली, तिने “काय अब्बा?” म्हटलं, मी म्हटलं मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

ती फोनवर हाशिरला सांगत होती, हिंदीत. एक जरी चांगली असती तरी एका पट्टीवर दाखवलं असतं, पडदा नंतर. पण एकही उरलेली नाही.

मी हे ऐकलं आणि ही वही बंद केली. मग पुन्हा उघडली. खूण तिथेच आहे, नारिंगी.

आता माझी बाजू लिहितो, कारण इथे तरी खरं लिहायचं. ती तिरकी कापलेली आहे. तीन आठवडे वहीत दाबलेली. ती काय परदेशी पाहुण्यांसमोर मांडायची वस्तू? आणि ती काढून दिली की पहिला प्रश्न, ही तुमच्याकडे कशी, आणि दुसरा, मग बाकीच्यांचं काय केलंत. पेन्सिल चोरणारी पोरं अशीच घाम फुटून उभी राहायची माझ्यापुढे. मी त्यांना विचारायचो, आधी का नाही बोललास? किती मूर्ख प्रश्न होता तो.

सोमवार, २७ ऑक्टोबर

साडेआठला गेली. निळा पोशाख, डोक्यावर शरफुन्निसाची ती हिरवी ओढणी. कातरलेला कोपरा आत दुमडून घेतला होता. मी म्हटलं, दुसरी घे. म्हणाली, हीच.

दारात वही माझ्या हातात होती. मी म्हटलं, “उमामा, थांब.”

“अब्बा, गाडी खाली आहे.”

“काही नाही. जा.”

दुपारी दोनला आली. मला कळलं, कारण तिने चपला रांगेत नीट काढल्या. रागात असती तर फेकल्या असत्या. पाहुण्यांनी जुनं चित्रीकरण बघितलं, चांगले प्रश्न विचारले, चहा घेतला. प्रोफेसर म्हणाले, चित्रीकरणावर मी पुढची तीन वर्षं मागू शकत नाही. डिसेंबरअखेर.

इथे खरं लिहायचं म्हटलं आहे, तर हेही लिहितो. तिने ‘डिसेंबरअखेर’ म्हटलं त्या क्षणी मला ओटी दिसली, पायरीवरची वाळू दिसली, बंदराचा मासळीचा वास आला. क्षणभरच. मग तिचा चेहरा दिसला. तो क्षण मी कुणाला परत करू?

गुरुवार, ३० ऑक्टोबर

हाशिर येऊन गेला. त्याच्या बायकोने मटण पाठवलं होतं. उमामा प्रयोगशाळेत सामान बांधत आहे, तो मला भेटायला म्हणून वर आला. भला माणूस. म्हणाला, “अंकल, मैंने तो बोला था, फ्रिज खराब हुआ लिख दो, किसी की गलती नहीं. लेकिन उसने रिपोर्ट में लिख के साइन कर दिया कि सैंपल धूप में उसी ने छोड़े. सर बहुत नाराज हुए. ऐसी गलती तो पहले साल का स्टूडेंट भी नहीं करता.”

मी विचारलं, “धूप में? उसने धूप लिखा?”

“हां अंकल. धूप.”

फ्रिज म्हणाली होती ती मला. पाणी शिरलं म्हणाली होती.

मटण तसंच ठेवलं आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी न्याहारीनंतर. उभं राहून सांगितलं, बसून जमेना. चादर, साडेनऊ ते चार, कविता, सगळं. ती ऐकत राहिली. मी म्हटलं, तू आधीपासून जाणत होतीस. कसं?

“अब्बा, मी त्या नंबराने लावल्या होत्या. एक ते अठरा. डबा उघडला तर सगळ्यात लहान पुढे, सगळ्यात मोठी मागे.” ती जराशी हसली. “चौथीत तुमच्याच वर्गात होते मी, उंचीच्या रांगेत पहिली. एकच वर्ष राहिले, पण विसरत नाही माणूस.”

“मग ओरडली का नाहीस?”

“काय ओरडू. मीच नाही सांगितलं. वरून संरक्षक लेप चढेपर्यंत उजेडात ठेवायचं नाही, हे मला इतकं ठाऊक की सांगायचंच राहिलं. तुम्हाला ऊन दाखवायची सवय आहे, हे मला माहीत नाही का?”

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी वही आणली, उघडली आणि पट्टी तिच्यापुढे ठेवली. पाच तारखेला टेबलाखाली सापडली, परत करायची राहिली.

तिने पट्टी उचलली. निळी बॅटरी आणली. पट्टी उठून बसली, पहिल्या दिवसासारखी, रंगही तोच. जवळजवळ चार आठवडे माझ्या वाईट अक्षरांत अंधारात सुखरूप राहिली होती.

ती बराच वेळ बॅटरी लावत होती आणि बंद करत होती.

“ही सोमवारी होती तुमच्याकडे?”

“होती.”

“दारात थांब म्हणालात, तेव्हा?”

“हातात होती.”

तिने बॅटरी खाली ठेवली. “एक पुरली असती, अब्बा,” म्हणाली. आवाज चढवला नाही. उठून आत गेली, नळ बराच वेळ चालू होता. मी उभाच होतो. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात एक चिमुकली वस्तू. बोटात घालायचं कापडी टोपण, हिरवं, पाठीवर पट्टी सरकवायला खोबण शिवलेली. कापड मी ओळखलं. आलेखाच्या कागदावरचं माझं बोट आणि ते टोपण, माप बरोबर होतं. हातमोजे नव्हतेच.

“हे पडद्यांच्या आडचं काम आहे,” ती म्हणाली. “प्रोफेसरांना माहीत नाही. चार वर्षं पडद्यावर, दोन वर्षं यावर. अजून बळ पुरत नाही. पण एक पट्टी आहे, तर बघू. नंतर यंत्रं नसतील.”

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची गाठ सोडवली, टोपण चढवलं, पट्टी खोबणीत सरकवली. हात गादीवर ठेवला. मी डोळे मिटले नाहीत, शपथ. निळा झोत पडला. पट्टी आखडली, कापड ताणलं, हिरवा धागा न् धागा वर ओढला गेला. मी माझ्या बोटाकडे बघत होतो, जसा मी फळ्यापाशी अडलेल्या पोराकडे बघायचो. ऊठ रे बाबा. ऊठ.

“हललं का?” तिने विचारलं.

“हललं,” मी म्हटलं.

“किती?”

“तांदळाएवढं.”

ती “बरं” म्हणाली, बॅटरी बंद केली आणि तिच्या जाड वहीत लिहायला लागली. मग फोन आला म्हणून बाल्कनीत गेली. वही उघडीच होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मी हजार मुलांना सांगितलं आहे. वाचली. आजची तारीख, पट्टीचं माप, उजेडाचं माप, आणि खाली दोन ओळी, तिच्या बारीक सुंदर अक्षरात, जे मीच वळवून दिलं होतं:

बोट हललं नाही.
अब्बा म्हणाले, हललं.